पॅरिसच्या ब्रासरीत जेवायचं कसं, आणि ती चालते कशी

पॅरिस बघायला गेलेली आपली मंडळी आयफेल टॉवरजवळ क्रेप खातात, भारतीय हॉटेल शोधून काढतात, नाहीतर सुपरमार्केटमधून ब्रेड आणि चीज आणून खोलीवर भागवतात. पण मोठ्या काचांची, पितळी कठड्यांची, लांब पांढऱ्या एप्रनमधल्या वेटरांची ब्रासरी दिसली की दाराबाहेरचं कार्ड वाचतात आणि पुढे सरकतात. महाग असेल, रीतभात माहीत नाही, हे कपडे चालतील का, एकच पदार्थ मागवला तर काय म्हणतील, शाकाहारी माणसाचं काय होणार, असे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण फ्रेंच खाण्यापिण्याच्या दुनियेत परक्या माणसाला सर्वांत सोयीची जागा हीच आहे. तो थाट पाहुण्याला दबकवण्यासाठी नाही. तो कशासाठी आहे हे कळलं की आत शिरणं सोपं होतं.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. कॅफेत मुख्यतः पेय आणि सोबत थोडं खाणं मिळतं. बिस्त्रो छोटं असतं, बहुधा मालक स्वतः उभा असतो आणि फळ्यावर खडूने लिहिलेले चार पदार्थ असतात. बिस्त्रो काय किंवा नावाजलेलं रेस्टॉरंट काय, दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतं. ब्रासरी मात्र मोठी असते, आणि खऱ्या ब्रासरीचं स्वयंपाकघर दिवसभर चालू राहतं. दारावर 'सेर्व्हिस कोंतिन्यू' लिहिलेलं दिसलं तर दुपारी चार वाजताही गरम जेवण मिळेल असं समजावं. संग्रहालयातून साडेतीनला उपाशी बाहेर पडलेल्या कुटुंबाला या दोन शब्दांची किंमत वेगळी सांगायला नको.

बिअरवाल्यांची जागा

ब्रासरी म्हणजे मुळात बिअर बनवण्याची जागा. पॅरिसमध्ये ही जात आणली ती अल्सासच्या लोकांनी. अल्सास हा फ्रान्सचा पूर्वेकडचा, जर्मनीला लागून असलेला प्रदेश. तिथे बिअर बनते आणि आंबवलेली कोबी खातात. 1852 साली पॅरिस ते स्ट्रासबूर्ग रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि पिंपंच्या पिंपं राजधानीत येऊ लागली. कोलमारहून आलेल्या फ्रेडेरिक बोफांजे यांनी 1864 मध्ये बास्तीय चौकाजवळ आपली जागा सुरू केली. ती आजही चालू आहे. त्याच दशकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे पोखरायला सुरुवात केली आणि पुढे वाइनचं उत्पादन कोसळलं. बिअरला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

मग 1870-71 चं युद्ध झालं. फ्रान्स प्रशियाकडून हरला, आणि अल्सास व लोरेनचा काही भाग जर्मनीच्या ताब्यात गेला. ज्यांना फ्रेंच नागरिक म्हणून राहायचं होतं त्यांना 1 ऑक्टोबर 1872 पर्यंत निर्णय घेऊन घरदार सोडावं लागलं. अशी पुष्कळ कुटुंबं पॅरिसला आली आणि हाताशी असलेल्या विद्येवर पोट भरू लागली. लेओनार लिप यांनी 1880 मध्ये सँ-जेर्मां बुलव्हारवर ब्रासरी उघडली. तिचं मूळ नाव होतं 'ऱ्हाईनकाठची ब्रासरी'. गाव सुटलेल्या माणसाने दुकानाला आपल्या नदीचं नाव दिलं होतं. आज ती 'लिप' म्हणून जगप्रसिद्ध आहे.

मुंबईच्या इराणी हॉटेलांशी याचं साम्य मला फार जवळचं वाटतं. बाहेरून आलेली माणसं, मोक्याची मोठी जागा, भिंतींवर आरसे, पॉलिश केलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आणि गरीब-श्रीमंत कुणीही येऊन बसावं असा उघडा दरवाजा.

दिवसभर स्वयंपाकघर चालू ठेवण्याची सवयही याच उगमातून आली. पिणारा माणूस घड्याळ बघून येत नाही. शिवाय रेल्वे स्टेशनांच्या आसपास ज्या ब्रासऱ्या निघाल्या, तिथे गाडीच्या वेळा हेच जेवणाचं वेळापत्रक. पदार्थही त्याला साजेसे निवडले गेले. शुक्रूत, म्हणजे आंबवलेली कोबी, तिच्यावर सॉसेज, डुकराचं मांस आणि बटाटे, ही मोठ्या भांड्यात तासन्‌तास गरम राहिली तरी बिघडत नाही. मांडून ठेवलेली कालवं आणि गार मांसाचे काप यांना तर चूलच लागत नाही.

आरसे, बाकं आणि पितळी दांडा

आत गेल्यावर डोळे दिपतात. पण एकेक वस्तू नीट बघितली की तिचं काम दिसतं. समोरासमोर लावलेल्या आरशांमुळे लांबट, अंधारी जागा दुप्पट रुंद वाटते, आणि गॅसच्या दिव्यांच्या काळात तोच उजेड दोनदा वापरता यायचा. वेटरला पाठ फिरवलेली असतानाही मागच्या टेबलावरचा वर गेलेला हात दिसतो. भिंतीला लागून असलेली सलग गादीची बाकं खुर्च्यांपेक्षा कमी जागेत जास्त माणसं बसवतात. तुम्हाला आत बसवण्यासाठी वेटर अख्खं टेबल बाहेर ओढतो आणि तुम्ही बसलात की पुन्हा आत ढकलतो. हे अवघड वाटून घेऊ नये, रोजची पद्धत आहे. डोक्यावरचा पितळी दांडा टोप्या, कोट आणि पिशव्यांसाठी. खालची मोझॅकची फरशी दिवसातून कितीही वेळा पुसता येते. शेजारचं टेबल हातभर अंतरावर असतं आणि गलका भरपूर असतो, त्यामुळे लहान मूल रडलं तरी कुणी वळून बघत नाही.

1927 मध्ये मोंपार्नास भागात 'ला कूपोल' उघडलं तेव्हा हा थाट कळसाला पोचला. प्रचंड दालन, आर्ट डेको सजावट, आणि चित्रकारांनी रंगवलेले खांब. आपल्यासाठी तिथली खास गोष्ट म्हणजे भारतीय पद्धतीची म्हणून दिली जाणारी कोकराची करी. ती 1927 पासून तिथल्या कार्डावर आहे. आपल्या जिभेला ती सौम्य लागेल. पण शंभर वर्षं पॅरिसकर जिला 'करी' म्हणत आले ती कशी असते हे बघायला एकदा मागवावी असं मला वाटतं.

किमती कशा वाचाव्यात

दाराबाहेर किमतींसकट कार्ड लावणं फ्रान्समध्ये कायद्याने बंधनकारक आहे. त्यावरची किंमत अंतिम असते. कर त्यात असतो आणि सर्व्हिस चार्जही त्यातच असतो. म्हणून शेवटी बिलात दहा टक्के, पंधरा टक्के अशी भर पडत नाही. जेवणासोबत ब्रेड आणि जग भरून साधं पाणी फुकट मिळतं, तेही कायद्यानेच. 'पाणी कुठलं?' असं विचारलं की लोक गडबडून बाटली मागवतात आणि तिचे चांगलेच पैसे पडतात. त्याऐवजी 'यून काराफ दो' म्हणावं, नळाचं पाणी भरलेला जग येतो. पॅरिसकरही तेच पितात.

आता 24 युरोंचा एक पदार्थ घेऊ. रुपयात गुणाकार केला की पोटात गोळा येतो, हे खरं. पण हे पैसे जातात कुठे ते बघा. जेवणावर 10 टक्के कर आहे, म्हणजे त्यातले 2 युरो 18 सेंट सरकारकडे गेले. उरले 21 युरो 82 सेंट. हॉटेल व्यवसायात साधारण हिशेब असा की कच्च्या मालावर पाव ते तिसरा हिस्सा खर्च व्हावा, म्हणजे साडेपाच ते सात युरो. बाकीच्यात स्वयंपाकी, वेटर, भांडी घासणारा, वीज, कपड्यांची धुलाई, आणि पॅरिसच्या हमरस्त्यावरच्या मोठ्या जागेचं भाडं. यातून मालकाच्या हाती जे पडतं ते टेबलं किती वेळा भरली यावर ठरतं. ब्रासरी दिवसभर उघडी का, टेबलं चिकटून का, हे इथे परत समजतं: भाडं चोवीस तासांचं द्यावं लागतं, मग खुर्ची रिकामी ठेवून कसं चालेल.

दुपारचं जेवण स्वस्त असतं यालाही कारण आहे. फ्रान्समध्ये अनेक कंपन्या नोकरदारांना जेवणाची कुपनं देतात, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटाही कंपनी उचलू शकते. ऑक्टोबर 2022 पासून या कुपनांची दिवसाची मर्यादा 25 युरो आहे. आसपासच्या ऑफिसांतली गर्दी खेचायची तर दुपारचा ठरावीक बेत या आकड्याच्या आत बसवावा लागतो. कार्डावर 'फोर्म्यूल' दिसलं की समजावं, सुरुवातीचा आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड, असे दोन पदार्थ एका किमतीत. 'प्ला द्यू जूर' म्हणजे आजचा पदार्थ. आणि फ्रान्समध्ये 'मेन्यू' मागितला तर ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण, पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्त' म्हणायचं. नवख्या माणसाने आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावं. स्वयंपाकी तेच, आरसे तेच, बिल हलकं.

एकच पदार्थ मागवला तर? चालतं. जेवणाच्या ऐन वेळी मुख्य पदार्थ मागवावा एवढीच अपेक्षा असते. नुसतं सूप आणि ब्रेड घ्यायचा असेल तर दुपारी चार ते सहाची वेळ उत्तम.

ताटात काय येतं

फुटपाथवर, दाराला लागून, बर्फाने भरलेला एक ठेला असतो आणि त्यामागे रबरी एप्रन घातलेला माणूस सुरीने कालवं उघडत असतो. हे काम बाहेर चालतं, कारण शिंपल्यांचं खारं पाणी आणि कचरा आत येत नाही, थंडीत माल गार राहतो, आणि जाणारा-येणारा थांबून बघतो ती जाहिरात वेगळीच. कालवांना नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर जितका लहान तितकं कालव मोठं. सर्वांत जास्त खपणारा नंबर 3, तो शिंपल्यासकट 66 ते 85 ग्रॅमचा. 'फीन द क्लेर' म्हणजे समुद्रातून काढल्यावर मारेन-ओलेरों भागातल्या उथळ खाऱ्या तळ्यांत किमान 28 दिवस ठेवलेलं. कालव कच्चं खातात, लिंबू किंवा बारीक चिरलेल्या शॅलट कांद्याचं व्हिनेगर घालून, सोबत राय ब्रेड आणि खारवलेलं लोणी. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते टाळावं.

कोकणातल्या माणसाला मी 'सोल मनिएर' सुचवेन. सोल हा आपल्या लेप्याच्या जातकुळीतला चपटा मासा. त्यावर पिठाचा हलका हात फिरवतात आणि लोण्यात परततात, इतकंच. पण त्या लोण्याकडे बघा. फ्रेंच लोण्यात किमान 82 टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग. तापताना आधी पाणी उडतं, म्हणून ते फेसाळून चरचरतं. पाणी संपलं की आवाज बसतो, तळाशी गेलेले दुधाचे कण तांबूस होतात आणि भाजलेल्या हेझलनटसारखा वास सुटतो. आपल्याकडे लोणी कढवताना बेरी लाल होते, त्याच्या अगदी अलीकडचा हा क्षण. तिथून अर्धा मिनिट पुढे गेलं की कडवट. म्हणून त्याच क्षणी लिंबाचा रस ओततात. त्या गार पाण्याने तापमान उतरतं आणि करपणं थांबतं. अख्खा मासा टेबलाशी आणून वेटर चमचा आणि काट्याने कडेचे काटे सोडवतो, वरचे दोन तुकडे अलगद बाजूला करतो, मधला काटा सबंध उचलून काढतो आणि मासा पुन्हा जुळवून पुढे ठेवतो. घाईच्या वेळीही चांगल्या ब्रासरीत हे हात चुकत नाहीत. कार्डावरचा हा बहुधा सर्वांत महाग मासा असतो, पण असे पैसे जिथे सार्थकी लागतात त्यातला एक.

कांद्याच्या सूपची गोष्ट वेगळी. पॅरिसच्या मध्यात ले आल नावाचा घाऊक बाजार होता. पहाटे माल उतरवणारे हमाल आणि रात्रभर नाटकं बघून फिरणारे श्रीमंत एकाच ठिकाणी हे सूप प्यायचे. बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रूंजीसला हलला, सूप मात्र राहिलं. चिरलेला कांदा मंद आचेवर पाऊण-एक तास परतून गडद तपकिरी करायचा, त्यात रस्सा, वर ब्रेड आणि किसलेलं चीज, आणि भट्टीत वरून लाल करायचं. वेळ वाचवणारा स्वयंपाकी इथेच पकडला जातो. कांदा फिका आणि रस्सा पाणचट असेल तर त्या जागेकडून फार आशा ठेवू नये.

बीफ खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: 'ब्ले' म्हणजे आतून जवळजवळ कच्चं, 'सेन्यां' म्हणजे लालसर, 'आ प्वें' म्हणजे मध्यम, पण आपल्या अपेक्षेपेक्षा गुलाबी, आणि 'ब्यें क्वी' म्हणजे पूर्ण शिजलेलं. 'तार्तार' हा कच्च्या खिम्याचा पदार्थ आहे, तो न कळता मागवू नये. 'आंदुयेत' हे आतड्याचं सॉसेज, त्याचा वास उग्र.

शाकाहाऱ्यांना खोटा दिलासा देत नाही: पारंपरिक ब्रासरीत पर्याय थोडे आहेत. उकडलेले गार पोआरो, म्हणजे लीक, व्हिनेगर-तेलाच्या सॉसमध्ये; क्रीममध्ये भाजलेले बटाटे; ब्रेडवर भाजलेलं शेळीच्या दुधाचं चीज घातलेलं सॅलड. अंडं चालत असेल तर मेयोनेझ घातलेलं उकडलेलं अंडं आणि किसलेल्या सेलरी कंदाचं सॅलडही. तरी विचारावंच लागतं. कांद्याच्या सूपमध्ये बहुतेकदा मांसाचा रस्सा असतो, सॅलडवर डुकराच्या चरबीचे तुकडे पडतात, आणि पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या जठरातल्या विकराने जमवलेलं असतं. युरोपीय नियमाने 14 ॲलर्जीकारक घटकांची लेखी माहिती द्यावी लागते, पण त्यात मांस येत नाही. त्यामुळे ती यादी वाचून निर्धास्त होऊ नये. 'झ न मांज नी व्यांद, नी प्वासों', म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही, हे वाक्य पाठ करून जावं. नव्या ब्रासऱ्यांत मात्र निदान एक चांगला भाजीचा मुख्य पदार्थ आता मिळू लागला आहे.

नव्या ब्रासऱ्या कशा वेगळ्या

एक काळ असा आला की जुन्या नामांकित ब्रासऱ्या एकेक करून मोठ्या समूहांच्या हाती गेल्या. फ्लो समूहाने 'ला कूपोल'सह अनेक घेतल्या, आणि 2017 मध्ये तो अख्खा समूहच बेर्त्रां समूहाने घेतला. सजावट जपली गेली हे मान्य करायलाच हवं, पण अनेक ठिकाणी ताटातला जीव गेला आणि पॅरिसकर तिकडे जाईनासे झाले. तयार माल आणून फक्त गरम करून देण्याची पद्धत इतकी पसरली की 2014 मध्ये सरकारला 'फे मेझों' हे चिन्ह आणावं लागलं: छपराचं झाकण असलेलं पातेलं. त्याचा अर्थ, पदार्थ तिथेच, कच्च्या मालापासून शिजवला आहे. कच्चा माल गोठवलेला असू शकतो, हे मात्र ध्यानात असावं.

मग पुन्हा वारं फिरलं. तीन मिशलँ तारे मिळवलेल्या एरिक फ्रेशों यांनी 2013 मध्ये सँ-लाझार स्टेशनात 'लाझार' उघडलं. 2017 मध्ये 'बुयों पिगाल'ने जुन्या स्वस्त खाणावळींचा प्रकार परत आणला आणि दारावर रांगा लागल्या. त्याच मालकांनी 2021 मध्ये 'शे जेनी' या जुन्या अल्साशियन ब्रासरीच्या जागेत दुसरं बुयों सुरू केलं. 2019 मध्ये दहाव्या विभागात तरुण मंडळींनी 'ब्रासरी बेलांजे' काढली. आठवड्याचे सातही दिवस चालू, सगळं तिथेच शिजवलेलं. अशा जागांत कार्ड छोटं असतं, शेतकऱ्याचं किंवा मासेमाराचं नाव लिहिलेलं असतं, हंगाम बदलला की पदार्थ बदलतात. मला ही नवी पिढी मनापासून आवडते, कारण तिने आरसे ठेवले आणि स्वयंपाक परत आणला. याउलट फोटो छापलेलं, सहा भाषांतलं, साठ-सत्तर पदार्थांचं प्लॅस्टिकचं कार्ड दिसलं तर सरळ पुढे जावं.

नव्या जागांत एक अडचण आहे: रात्रीचं आरक्षण दोन पाळ्यांत होतं, सातच्या सुमारास आणि नऊच्या सुमारास. पहिल्या पाळीला टेबल दोन तासांत सोडावं लागतं. काही ठिकाणी आरक्षणासाठी बँकेच्या कार्डाचा नंबर घेतात आणि न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे कापतात.

आत शिरताना आधी 'बोंझूर', संध्याकाळी 'बोंस्वार' म्हणावं. हे न म्हणता थेट 'दोघांसाठी टेबल' म्हटलं तर तिथे ते उद्धट समजतात, आणि वेटर रुक्ष वागला अशा तक्रारींपैकी निम्म्या इथेच उगम पावतात असं माझं मत. जागा स्वतः निवडून बसू नये. ब्रेड ताटाबाहेर टेबलावरच ठेवतात. कॉफी गोडासोबत येत नाही, नंतर येते. कपडे नीटनेटके असले की पुरे.

जेवण झालं तरी बिल आपोआप येणार नाही. न मागता बिल ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं, असं तिथे मानतात. 'लादिस्यों, सिल वू प्ले' म्हणायचं. बिलात कराची ओळ वेगळी दिसेल, ती रक्कम आधीच धरलेली असते, वर मिळवायची नाही. टीप सक्तीची नाही. सेवा आवडली तर एक-दोन युरो, मोठ्या जेवणाला थोडे जास्त, टेबलावर ठेवावेत. पर्यटकांच्या भागात कार्डाच्या मशीनवर टीपचे टक्के विचारतात, तिथे 'नाही' दाबायला संकोच नको. आणि ताटात उरलंच तर 1 जुलै 2021 पासून मागितल्यावर डबा देणं हॉटेलांना बंधनकारक आहे, तेव्हा उरलेलं बांधून मागावं.